बीप वाजतो, तरी कुरव धूसर का?

पत्र :

मी दापोलीत राहते, बँकेत नोकरी करते. पक्ष्यांचे फोटो काढायचं वेड तीन वर्षांपासूनचं. गेल्या दिवाळीत साठवलेल्या पैशांतून १५०-६०० मिलिमीटरची झूम लेन्स सेकंडहँड घेतली. कॅमेरा डीएसएलआर, म्हणजे आत आरसा असलेला, आहे. रविवारी घरचं आवरून हर्णै बंदरावर पोचेस्तोवर साडेदहा-अकरा होतात. होड्यांभोवती कुरव (सीगल) घिरट्या घालत असतात, सुवर्णदुर्गाच्या बाजूने कधीतरी समुद्रगरुड येतो. मी फोकस करते, बीप वाजतो, बटण दाबते आणि घरी येऊन पाहते तर फोटो धूसर. कधी बीपच वाजत नाही, लेन्स नुसती पुढे-मागे फिरत बसते आणि तोवर पक्षी निघून जातो. लांब पुळणीवर बसलेले पक्षीसुद्धा कापूस पिंजल्यासारखे येतात. अंगणातल्या दयाळाचं मात्र पीस न् पीस दिसतं. पावसाळ्यानंतर आणखी एक सुरू झालंय. मध्येच ऑटोफोकस पूर्ण बंद पडतो, लेन्स काढून परत लावली की चालू होतो. शटर १/५०० सेकंद ठेवते. लेन्सच्या पुढे साधा यूव्ही फिल्टर आहे. दुरुस्तीवाल्यांनी फोनवर ऐकूनच सांगितलं, मोटर गेलीय, बदलावी लागेल. ओळखीचे म्हणतात, विकून टाका आणि मिररलेस, म्हणजे बिनआरशाचा कॅमेरा, घ्या. घरात ‘एवढे पैसे घातलेस’ हे रोज ऐकते आहे. काय करू?

– एक वाचक, दापोली

उत्तर :

ताई,

लेन्स विकू नका. मोटरही इतक्यात बदलू नका.

तुमच्या पत्रात तो अंगणातला दयाळ आहे ना, त्याने माझं निम्मं काम केलं. ज्या लेन्सची मोटर गेली आहे, ती दयाळाचं पीस न् पीस दाखवत नाही. काच ठीक आहे, मोटर फिरते आहे, कॅमेरा आणि लेन्स एकमेकांशी बोलताहेत. निदान बहुतेक वेळा तरी. तुमच्याकडे एक मोठा आजार नाही, चार लहान तक्रारी आहेत आणि त्या एकाच वेळी अंगावर आल्यामुळे एकच मोठा आजार वाटतो आहे. त्या सुट्या करून पाहू.

आधी त्या बीपविषयी, कारण पत्रातला सगळ्यात मोलाचा शब्द तोच आहे. निकॉन काय किंवा कॅनन काय, डीएसएलआर बीप वाजवतो तो एकदाच फोकस करून थांबण्याच्या पद्धतीत. एकाकडे तिला एएफ-एस म्हणतात, दुसऱ्याकडे वन शॉट. पक्ष्याच्या मागे सतत फोकस फिरवत ठेवायची जी पद्धत आहे, म्हणजे एएफ-सी किंवा एआय सर्वो, तिच्यात बीप वाजत नाही. वाजणार तरी कधी, तिचं काम संपलेलंच नसतं. म्हणजे तुम्ही उडणाऱ्या कुरवावर बसलेल्या पक्ष्याची पद्धत वापरता आहात.

यात किती बिघडतं याचा हिशेब मांडून बघा. कुरव २० मीटरवर आहे आणि तुमची लेन्स ६०० वर, तिचं छिद्र (अ‍ॅपर्चर) एफ ६.३ ला, म्हणजे पूर्ण उघडं. क्रॉप, म्हणजे लहान आकाराच्या, सेन्सरवर तेव्हा पुढे-मागे मिळून जेमतेम २८ सेंटीमीटर एवढाच पट्टा स्वच्छ येतो. एक वीत आणि वर चार बोटं. कुरव सेकंदाला १० मीटर वेगाने तुमच्याकडे येतो आहे असं धरा. बीप ऐकून तुमचं बोट दाबेपर्यंत पाव सेकंद सहज जातो. तेवढ्यात तो अडीच मीटर पुढे आलेला असतो. कॅमेऱ्याने फोकस बरोबर केला होता, पण पक्षी अडीच मीटर मागे होता तेव्हाच्या जागेवर. फोटोत त्या जागी आता फक्त हवा आहे.

तेव्हा पहिलं काम मेनूत जाऊन एएफ-सी किंवा एआय सर्वो करणं. बीपची सवय असल्याने सुरुवातीला चुकल्यासारखं वाटेल. दुसरं, फोकस शटरच्या बटणावरून काढून मागच्या अंगठ्याच्या बटणावर द्या. अनेक कॅमेऱ्यांत एएफ-ऑन नावाचं बटण असतं, नसलं तर एई-एल किंवा चांदणीच्या खुणेचं बटण त्या कामाला लावता येतं. अंगठा दाबून धरला की फोकस पक्ष्याच्या मागे फिरत राहतो, सोडला की आहे तिथे थांबतो. बसलेला पक्षी आणि उडालेला पक्षी, दोन्हींसाठी पद्धत बदलावी लागत नाही. हे अंगवळणी पडायला मला चार-पाच सकाळी लागल्या होत्या. एवढा वेळ तुम्हीही स्वतःला द्या, पहिल्याच रविवारी निकाल मागू नका.

शटरही १/५०० पुरणार नाही. क्रॉप सेन्सरवर ६०० ची लेन्स ९०० सारखी वागते, त्यामुळे नुसता हात स्थिर दिसायलाच १/१००० च्या आसपास हवं. पंखांसाठी १/२०००. उन्हात एफ ६.३ ला आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ४०० मध्ये ते आरामात बसतं, कोवळ्या उन्हात ८०० ते १६०० करा. थोडे दाणे दिसले तर दिसू देत.

आता लांब पुळणीवर बसलेल्या, न हलणाऱ्या पक्ष्यांचं बघू. ते का धूसर? इथे ना मोटरचा दोष, ना तुमच्या हाताचा. तुमच्या आणि पक्ष्याच्या मधली हवा बिघडलेली आहे.

अकरा वाजता हर्णैची कोरडी पुळण किती तापलेली असते हे तुमच्या पायांना माहीत आहे. तिच्यावरची हवा तापून वर चढते, वरची गार हवा खाली उतरते आणि दोघी एकमेकींत मिसळताना प्रकाश दर क्षणाला वेगळा वाकतो. गरम हवेची घनता कमी, त्यामुळे तिच्यातून प्रकाश जरा वेगळ्या दिशेने जातो, एवढंच कारण. डोळ्यांना हे फारसं जाणवत नाही. ६०० ची लेन्स मात्र पक्षी मोठा करते तशी मधली थरथरही मोठी करते. आणि फोकस शोधणाऱ्या सेन्सरला एकच कडा दर क्षणी वेगळ्या जागी दिसते, त्यामुळे तो कधी पुढे धरतो, कधी मागे.

मी हे शिकले ते गुहागरच्या किनाऱ्यावर, डिसेंबरमधल्या एका दुपारी. चिखल्यांचा थवा होता, ७०-८० मीटरवर. दोनशेच्या वर फोटो काढले आणि एकही धड आला नाही. तेव्हा वैतागून कॅमेरा ट्रायपॉडवर लावला, लाइव्ह व्ह्यू, म्हणजे मागच्या पडद्यावर बघायची सोय, सुरू केला आणि पडद्यावर चित्र १० पट मोठं करून बघत बसले. भाताचं आधण उकळतं तशी हवा हलत होती. चिखल्या जागेवर होत्या आणि त्यांची कड मात्र नदीतल्या शेवाळासारखी डुलत होती. त्या दिवशी कळलं, की जगातली कुठलीही लेन्स लावली असती तरी हेच आलं असतं. तुम्ही हा प्रयोग एकदा जरूर करा. पडद्यावर चित्र डुलताना दिसलं की त्या अंतरावरचे फोटो त्या वेळेपुरते सोडून द्यायचे. सेटिंग बदलून त्यावर इलाज होत नाही.

इलाज आहे तो अंतर कमी करण्याचा, उंचीचा आणि वेळेचा. १०० मीटर तापलेल्या वाळूवरून काढण्यापेक्षा २५ मीटर ओल्या वाळूवरून काढलेला फोटो कितीतरी सरस. ओहोटीच्या वेळी पाण्याच्या कडेची ओली वाळू इतकी तापत नाही, तिच्या बाजूने बघा. कॅमेरा वाळूला टेकवून काढलेले फोटो दिसायला सुंदर असतात, पण दुपारी सगळ्यात खराब हवा तिथेच, जमिनीलगत असते. जेटीवर किंवा एखाद्या उंच खडकावर उभं राहिलात तर फरक पडतो. गाडीतून काढत असाल तर इंजिन बंद करा, बॉनेटवरून फोटो काढू नका आणि एसीची गार हवा खिडकीतून बाहेर जात असेल तर तीही आधी थांबवा. बंदरात उभ्या असलेल्या बोटीचं इंजिन चालू असेल तर तिच्या धुरापलीकडचा पक्षी सोडून द्यावा.

आणि वेळ. ताई, यावर मी जरा हट्टाने बोलणार आहे. साडेदहा-अकराला पोचणं हाच तुमच्या फोटोंचा सगळ्यात मोठा अडथळा आहे. आपला समुद्र पश्चिमेला. सकाळी सूर्य तुमच्या पाठीमागून, डोंगराकडून येतो आणि समुद्रावरचा पक्षी समोरून उजळतो. डोळा चमकतो, पिसांच्या कडा दिसतात, फोकसला धरायला काहीतरी मिळतं. दुपारनंतर सूर्य पक्ष्याच्या मागे जातो आणि पक्षी काळी आकृती होतो. काळ्या आकृतीत कॅमेऱ्याला कड सोडून काही दिसत नाही.

वाऱ्याचं त्याहून महत्त्वाचं. शाळेत मतलई वारे आणि खारे वारे शिकलो ते इथे कामाला येतं. पक्षी उतरताना आणि उडताना वाऱ्याकडे तोंड करतात. हिवाळ्यातल्या सकाळी मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहत असतो, म्हणजे पुळणीवर उतरणारा कुरव जमिनीकडे, तुमच्याकडे तोंड करून येतो. ऊन चढलं की खारा वारा सुटतो आणि तेच पक्षी समुद्राकडे तोंड करतात. तुम्हाला मिळतात शेपट्या. अकरा वाजता तुमच्याकडे पाठ करून जाणाऱ्या पक्ष्यावर फोकस धरायची धडपड तुम्ही करत आहात, तीही हलणाऱ्या हवेतून.

म्हणून महिन्यातले दोन रविवार तरी सकाळी सहाला घर सोडा. आवरायचं, चहा-नाश्त्याचं त्या दिवशी घरातल्या इतरांनी बघावं. तुम्ही आठवडाभर नोकरी करता, पैसे साठवून लेन्स घेतली आहे, तिच्यासाठी दोन सकाळी मागण्यात गैर काही नाही. ‘एवढे पैसे घातलेस’ म्हणणाऱ्यांनाही त्या पैशांचं चीज सकाळीच होतं हे सांगा, आणि एखाद्या सकाळी त्यांना बरोबर घेऊन जा.

सकाळी सगळंच छान असतं असंही नाही. थंडीत गार मतलई वारा कोमट पाण्यावरून जातो तेव्हा समुद्रावरही थरथर असते. क्षितिजावरच्या बोटी पाण्याच्या वर तरंगताना दिसल्या तर समजा, सुवर्णदुर्गाकडचा गरुड आज लेन्समध्ये नीट येणार नाही. तो जवळ येईल तेव्हाच काढा. त्याच्या घरट्याजवळ मात्र कधीही जाऊ नका. अंतर कमी करा असं मी म्हटलं ते कुरवांसाठी. घरट्यावरच्या गरुडाला ते लागू नाही.

तिसरी तक्रार, लेन्सचं पुढे-मागे फिरत बसणं. डीएसएलआरच्या व्ह्यूफाइंडरमधून बघताना फोकस करणारा सेन्सर वेगळा असतो, आरशाच्या खाली. लेन्सच्या दोन बाजूंनी आलेला प्रकाश तो ताडून बघतो आणि दोन्ही चित्रं किती सरकली आहेत यावरून किती फिरायचं ते ठरवतो. त्याला ताडायला काहीतरी रेघ, कड, ठिपका लागतो. फोकसचा चौकोन पक्ष्यावरून घसरून कोऱ्या आकाशावर गेला की ताडायला काहीच उरत नाही, मग तो लेन्सला अगदी जवळच्या टोकापासून अनंतापर्यंत फिरवून आणतो. एवढ्या मोठ्या लेन्समध्ये ही फेरी लांबलचक असते. पक्षी तेवढ्यात जाणारच.

तुमच्या लेन्सच्या अंगावर डाव्या बाजूला बटणांची रांग असेल. त्यात एक फोकस लिमिटर. बहुतेक १५०-६०० लेन्सवर त्याची एक जागा ‘१० मीटर ते अनंत’ अशी असते. बंदरावर उतरलात की पहिल्यांदा ते बटण तिकडे करा. लेन्स १० मीटरच्या आत शोधायला जाणारच नाही, फेरी खूप लहान होईल. घरी आल्यावर मात्र आठवणीने ‘फुल’वर आणा, नाहीतर अंगणातला दयाळ फोकस होत नाही म्हणून पुढचं पत्र याल लिहायला!

दुसरी युक्ती बंदरातल्या जुन्या माणसांसारखी आहे, आधी अंदाज बांधायचा. कुरव साधारण जिथून येणार त्या अंतरावरची एखादी डोलकाठी धरा, तिच्यावर फोकस करा आणि अंगठा सोडा. पक्षी चौकटीत आला की पुन्हा अंगठा दाबा. लेन्स आधीच जवळपास असल्याने तिला थोडंसंच फिरावं लागतं. आणि ६०० वर पक्षी शोधत बसू नका. २५०-३०० ला शोधा, पकडा, मग झूम करा. चौकटीत पक्षी सापडत नसतानाही अंगठा दाबून धरला जातो आणि लेन्स पार्श्वभूमीवर जाऊन बसते. हे इतकं सर्रास होतं की ते होतंय हे आपल्याला कळतही नाही.

फोकसचे पॉइंट सगळे चालू ठेवले असतील तर ते बंद करा. हर्णैला पक्ष्याच्या मागे डोलकाठ्या, निशाणं, दोऱ्या, जाळी यांची गर्दी असते आणि कॅमेरा त्यातलं सगळ्यात ठळक जे दिसेल ते पकडतो. मधला एक पॉइंट आणि त्याच्या शेजारचे मिळून नऊचा गट ठेवा. मधलेच का, तर एफ ६.३ ला कडेचे पॉइंट लंगडे पडतात. आकाश मोकळं असेल तर गट मोठा केला तरी चालतो. मागे गर्दी असेल तर फोकसने पटकन दुसरीकडे उडी मारू नये म्हणून लॉक-ऑन किंवा ट्रॅकिंग सेन्सिटिव्हिटी नावाचं सेटिंग असतं, ते सावकाशच्या बाजूला न्या. हर्णैला जाताना आसूदच्या बागेत थांबत असाल तर तिथे पोफळींच्या गच्च सावलीत ही लेन्स अडखळेलच. तो बिघाड नाही. उजेड कमी आहे.

आता चौथी, आणि हीच एक खरी यंत्राची तक्रार आहे. मध्येच ऑटोफोकस बंद पडतो, लेन्स काढून लावली की चालतो आणि हे पावसाळ्यानंतर सुरू झालं, असं तुम्ही लिहिलंत. हे लक्षण मोटरपेक्षा कॉन्टॅक्टचं जास्त वाटतं. लेन्सच्या मागे आणि कॅमेऱ्याच्या तोंडावर सोनेरी ठिपक्यांची रांग असते. लेन्सला वीज आणि कॅमेऱ्याचा हुकूम तिथून जातो. आपल्या खाऱ्या, दमट हवेत त्यावर पातळ थर बसतो. लेन्स काढून लावताना ठिपके घासले जातात, थोडा थर निघतो आणि काही तास बरे जातात.

साफ करायची पद्धत साधी, पण घाई नको. कॅमेरा बंद करा, बॅटरी काढा. लेन्स काढून दोन्हींची तोंडं जमिनीकडे ठेवून काम करा म्हणजे धूळ आत पडत नाही. मऊ मायक्रोफायबरच्या टोकाला आयसोप्रोपिल अल्कोहोलचा थेंब लावा. कापड ओलसर हवं, ठिबकणारं नको. एकेक ठिपका हलक्या हाताने पुसा, मग कोरड्या भागाने पुसा, आरशाला किंवा आतल्या कशालाही बोट लावू नका. अत्तर, हँड सॅनिटायझर, तेल यातलं काही वापरायचं नाही. सॅनिटायझरमध्ये ग्लिसरीनसारखं काही असलं तर त्याचा चिकट थर राहतो. पेन्सिलचं खोडरबर अनेक जण सुचवतील, पण सोन्याचा मुलामा पातळ असतो आणि रबराचा चुरा आत जातो, म्हणून मी कधी वापरत नाही.

त्याच वेळी हेही बघा, लेन्स लावल्यावर ती माउंटपाशी, म्हणजे कॅमेऱ्याला बसते तिथे, किंचित डुगडुगते का. ही लेन्स सुमारे २ किलोची असते. कॅमेऱ्याच्या पट्ट्यावर लोंबती ठेवून दापोली ते हर्णै रस्त्याचे गचके खाल्ले की सगळा भार माउंटवर येतो. लेन्सच्या पायाला पट्टा लावा आणि नेहमी लेन्सला धरून उचला.

कॉन्टॅक्ट साफ केल्यावरही बंद पडत राहिला, किंवा फोकस होताना कर्कश चीं असा आवाज येऊ लागला, तर मात्र दुरुस्तीवाल्यांचं म्हणणं खरं असू शकतं. तेव्हा लेन्स समोर ठेवून, तपासायला लावून, खर्चाचा आकडा आधी लेखी घेऊन मगच पुढे जा. फोनवर ऐकून मोटर बदलायला देऊ नका.

फिल्टर काढा. या लेन्सच्या तोंडाला ९५ मिलिमीटरसारखी मोठी काच लागते आणि स्वस्तातली एवढी मोठी काच सपाट नसली तर ६०० ला चित्र मऊ करते, फोकसही भरकटवते. वाऱ्याबरोबर तुषार येत असतील त्या दिवशी लावा, एरवी हूड पुरे. काचेवर खारट थर बसला असेल तर कोरड्या कापडाने घासू नका, मिठाचे कण ओरखडे काढतात. आधी फुंकणीने उडवा, मग किंचित ओल्या कापडाने टिपा, मग कोरडं. पावसाळ्यात लेन्स कपाटात ठेवली होती का? एकदा मागून बारीक टॉर्च मारून आतल्या काचा बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर बुरशी आहे, ती आपण उघडून साफ करायची गोष्ट नाही. दिसलं नाही तर पुढच्या जूनपासून हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत, आर्द्रता मोजायचं छोटं यंत्र घालून, ४० ते ५० टक्क्यांवर ठेवा.

इतकं झाल्यावर एक चाचणी करा. तिच्याशिवाय लेन्सवर कुणालाही, मलासुद्धा, शिक्का मारू देऊ नका. सकाळी ऊन यायच्या आत, घराच्या आगरात. चिऱ्याच्या गडग्याला वर्तमानपत्राचं पान ताठ चिकटवा, १५ मीटरवर ट्रायपॉड लावा. चिऱ्याचे बारीक खड्डे आणि छापील अक्षरं, फोकसला याहून चांगलं काय हवं! लेन्स ६०० वर, पूर्ण उघडी, स्टॅबिलायझर (हाताची थरथर सावरणारी सोय) बंद, शटरला २ सेकंदांचा टायमर. व्ह्यूफाइंडरमधून फोकस करत दहा फोटो काढा आणि प्रत्येकाच्या आधी रिंग हाताने पार बिघडवा, एकदा जवळच्या टोकाला, एकदा लांबच्या. मग तेच दहा फोटो लाइव्ह व्ह्यूमध्ये. शेवटी लाइव्ह व्ह्यूत १० पट मोठं करून हाताने फोकस केलेले पाच.

लाइव्ह व्ह्यूमध्ये कॅमेरा खालच्या त्या वेगळ्या सेन्सरला विचारत नाही, फोटो घेणाऱ्या सेन्सरवरूनच फोकस करतो. म्हणून दुसरा गठ्ठा स्वच्छ आणि पहिला सगळा एकसारखा मऊ आला, तर खालचा सेन्सर आणि लेन्स यांचं माप जुळत नाही. त्याला दुरुस्ती लागत नाही. मेनूत एएफ फाइन ट्यून किंवा मायक्रोअ‍ॅडजस्टमेंट असेल तर उणे २० ते अधिक २० मध्ये पाच-पाचने सरकवत ६०० ला जुळवा. सुरुवातीच्या श्रेणीतल्या कॅमेऱ्यांत ही सोय नसते. मग लेन्सच्या कंपनीचा यूएसबी डॉक मिळतो का बघा, काही लेन्स त्यावरून जुळवता येतात. पहिल्या गठ्ठ्यात काही स्वच्छ, काही पार बिघडलेले असा गोंधळ असेल तर आधी कॉन्टॅक्ट आणि माउंट, मग मोटर. तिन्ही गठ्ठे मऊ असतील तर दोष काचेत. आणि तिन्ही स्वच्छ आले, माझा अंदाज हाच आहे, तर लेन्स निर्दोष आहे आणि हर्णैचे फोटो हवेने, शटरने आणि त्या बीपने बिघडवले.

बंदरावरचे जुने फोटोही एकदा यासाठी चाळा. पक्षी मऊ आणि मागची दोरी स्वच्छ असेल तर फोकस चुकला. सगळं एकाच दिशेला ओढल्यासारखं असेल तर हात किंवा शटर. कुठेच काही स्वच्छ नाही, कडा दुहेरी-लाटेरी आहेत आणि लागोपाठच्या दोन फोटोंत त्या वेगळ्या दिसतात, तर हवा.

मिररलेस चांगलाच आहे. पक्ष्याचा डोळा ओळखून धरतो, माप जुळवायची कटकट जवळजवळ राहत नाही. पण अकराची पुळण त्याच्यासाठी थंड होत नाही आणि खारी हवा त्याच्याही कॉन्टॅक्टवर बसते. वर्षभर सकाळी जाऊन बघा, मग पैसे असतील तर घ्या.

चाचणीच्या तिन्ही गठ्ठ्यांतला एकेक फोटो आणि हर्णैचा सकाळी साडेसातचा एक, असे चार मला पाठवा. कापू नका, शार्प करू नका, कॅमेऱ्यातून निघाले तसेच. सोबत कॅमेऱ्याचं मॉडेल लिहा, ते पत्रात राहून गेलंय.